कोहळ्याच्या वेलावरचं ‘औषध’

आज आपण वेलांवरच्या किडीबद्दल बोलणार आहोत. कोहळं, दोडकी, गिलकी, कारली, दुधी, काकडी असे आपल्या सांदवाडीत कुंपणावर नाहीतर छपरावर चढणारे वेल, त्यांची पानं चाळणीसारखी करणारे तांबडे भुंगेरे आणि फळात अळी सोडणारी माशी. पण आज मी थोडं मागून सुरू करणार आहे, चांगलं शंभर-सव्वाशे वर्षांमागून. जिथं गरज पडेल तिथं आणखी मागं जाऊ.

त्याचं कारण असं. पावसाळा सुरू झाला की गटाच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून होतात न होतात तोच एक प्रश्न येतो. “ताई, दोडक्याले अळ्या पडल्या, कोनतं औषध मारू?” दहा गावांत गेलं तरी हाच प्रश्न. कीड कोणती आहे, कुठून आली, पान खाते की फळ, हे कोणी विचारत नाही. पहिला शब्द ‘औषध’.

या शब्दाकडे जरा बघा. लेकराला ताप आला की औषध. कपाशीवर फवारतो तेही औषध. आणि आपल्या भागात कोणी जीव दिला की आपण हळू आवाजात म्हणतो, “त्यानं औषध पिलं.” बरं करणारं आणि मारणारं, दोन्हीला आपण एकच नाव दिलं. आपल्या आज्या वेलावर चुलीतली राख टाकायच्या. राखेला कोणी औषध म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. मग हे ‘औषध’ आपल्या वेलापर्यंत कधी आणि कसं आलं, ते आज सांगते.

आधी वेलाचीच गोष्ट. आपण वऱ्हाडात ज्याला कोहळं म्हणतो तो लाल भोपळा. पुण्याकडे कोहळा म्हटलं की पेठा करायचा पांढरा. तो वेगळा, तो फार जुना इथला. आपलं लाल कोहळं, ज्याची आपण बोंडं करतो, ते मूळचं अमेरिकेचं. मिरची, मका, बटाट्यासारखंच ते चारेकशे वर्षांपूर्वी युरोपातल्या लोकांच्या जहाजांबरोबर आपल्याकडे आलं. दोडकं, गिलकं, काकडी मात्र इथलीच. दुधी आफ्रिकेकडचा, पण हजारो वर्षांपासून इथं नांदलेला.

म्हणजे कोहळं पाहुणं. त्यावर अळी सोडणारी माशी मात्र पाहुणी नाही, ती आपल्याच मुलखातली. आपल्या काकडी-दोडक्यांवर ती आधीपासून जगत होती. नवं, मऊ, गोड फळ दारात आल्यावर तिनं ते सोडलं नाही. माझ्या एका गटातल्या काकू म्हणतात, “पाहुण्याले पयला ताट वाढते तसं झालं.” तसंच झालं.

गंमत म्हणजे या आपल्या माशीची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा झाली ती हवाई बेटांवर. ही बेटं पॅसिफिक महासागराच्या मधोमध. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही माशी कुठल्यातरी जहाजातून तिथं पोहोचली आणि तिथल्या काकड्या-भोपळ्यांचा फडशा पाडू लागली. १८९९ साली कॉक्विलेट नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं तिचं वर्णन लिहिलं, तिला नाव दिलं. आपल्या आज्या-पणज्यांनी तोवर किती शतकं सडकी काकडी कापून आतल्या पांढऱ्या अळ्या पाहिल्या असतील! पण त्यांचं पाहणं कागदावर आलं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे मी त्याच्याकडे परत येणार आहे.

हवाईच्या लोकांनी मग एक शहाणपणाचा विचार केला. ही माशी जिथली आहे तिथं ती एवढा उच्छाद मांडत नाही, म्हणजे तिथं तिला खाणारं कोणीतरी असलंच पाहिजे. त्याच्या शोधात त्यांचा फुलावे नावाचा शास्त्रज्ञ भारतात आला, आणि १९१६ साली आपल्याकडची एक बारीकशी गांधीलमाशीच्या जातीची माशी हवाईला गेली. ही एवढीशी असते की आपलं लक्षही जात नाही. ती फळमाशीच्या अळीच्या अंगात आपलं अंडं घालते. अळी कोष करते, पण त्या कोषातून बाहेर पडते ती ही बारकी. तिचं शास्त्रीय नाव फ्लेचर या साहेबांवरून ठेवलं, जे तेव्हा भारतात किडींचा अभ्यास करत होते. म्हणजे आपल्या सांदवाडीतला राखणदार परदेशानं जहाजानं नेला. आपण मात्र त्याच राखणदाराला फवाऱ्यात मारतो आणि मग माशी वाढली म्हणून आणखी फवारतो.

त्याच काळात आपल्या देशात किडींचा सरकारी अभ्यास सुरू झाला होता. बिहारात पुसा नावाचं गाव आहे. तिथं १९०५ साली शेतीसंशोधनाची मोठी संस्था सुरू झाली. पुढे १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत मोडली आणि संस्था दिल्लीला गेली. दिल्लीतल्या त्या भागाला आजही पुसाच म्हणतात. त्या संस्थेतल्या लेफ्रॉय या साहेबांनी १९०६ साली भारतातल्या किडींवर मोठं पुस्तक लिहिलं. कपाशी, ऊस, भाजीपाला, कुठल्या पिकावर काय बसतं ते त्यात होतं. या लेफ्रॉयचा शेवट मला फार लागतो. ते इंग्लंडला परत गेले आणि किडे मारायच्या विषारी वायूवर प्रयोग करू लागले. १९२५ साली त्याच वायूनं त्यांचा जीव गेला. ज्याला किडींबद्दल सगळं माहीत होतं, त्यालाही विष कळलं नाही. मग ज्या बाईच्या हातात बाटली येते आणि बाटलीवरची अक्षरं मुंगीएवढी असतात, तिचं काय?

याच पुशातले दुसरे साहेब होते हॉवलेट. त्यांची गोष्ट मला आवडते, कारण ती निव्वळ पाहण्यातून घडली. त्यांच्या एका शेजाऱ्यानं डास पळवायला रुमालावर सिट्रोनेला, म्हणजे एका सुगंधी गवताचं तेल, लावलं होतं. डास पळाले की नाही कोण जाणे, पण त्या रुमालावर फळमाश्या येऊन बसू लागल्या. हॉवलेटनी त्या नीट पाहिल्या तर सगळ्या नर! १९१२ साली त्यांनी हे छापलं, आणि तीन वर्षांनी तेलातला नेमका कोणता घटक नरांना ओढतो तेही शोधलं. आज आंबा-पेरूच्या बागेत जे फळमाशीचे सापळे टांगतात, त्यांचा उगम त्या रुमालात आहे. आपल्या वेलांवरच्या माशीला तो वास चालत नाही, तिला दुसरा लागतो. तो १९६० साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी तयार केला. क्यू-ल्यूर म्हणतात त्याला. कृषी केंद्रात जाल तेव्हा हेच नाव सांगा. “फळमाशीचा सापळा द्या” एवढंच म्हटलं तर आंब्याचा हातात पडायचा.

आता माशी ओळखायची कशी ते सांगते. घरातल्या माशीएवढीच, पण रंगानं तांबूस तपकिरी, पाठीवर पिवळ्या रेघा, पंखांवर तपकिरी पट्टे. लांबून लहानशा गांधीलमाशीसारखी वाटते. कोवळ्या फळाला ती शेपटाकडच्या सुईनं टोचते आणि सालीखाली अंडी घालते. टोचलेल्या जागी डिंकाचा थेंब येतो. फळ तिथं दबतं, वाकडं वाढतं, मग पिवळं पडून सडतं. दीड-दोन दिवसांत अंड्यातून अळी, आठवडाभर ती आत खाते, मग बाहेर पडून मातीत जाते. पूर्ण वाढलेली अळी अंगाचं वेटोळं करून टुणकन उडी मारते. ही खूण दुसऱ्या अळीत सहसा दिसत नाही. मातीत बोट-दोन बोटं खाली तिचा कोष होतो, गव्हाच्या दाण्यासारखा. आठ-दहा दिवसांत त्यातून नवी माशी.

हे कळलं की एक गोष्ट आपोआप कळते. अळी फळाच्या आत, कोष मातीच्या आत. वरून फवारलेलं त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. ते पोहोचतं सालीवर, म्हणजे आपल्या ताटात. खरा इलाज खाली पडलेल्या फळात आहे. ते वेलाखाली सडू दिलं की पुढची फौज तयार. ते रोज उचलायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि पिशवी आठ-पंधरा दिवस उन्हात ठेवायची. नाहीतर दीड-दोन फूट खोल पुरायचं. उकिरड्यावर फेकणं म्हणजे माशीला घर बांधून देणं. हवाईत शेतकरी सडक्या फळांसाठी लहान तंबू लावतात. त्याची जाळी अशी की माशी आत अडकते आणि ती बारकी राखणदार तेवढी बाहेर जाते. होय, तीच, १९१६ साली इथून नेलेली.

एक सावधगिरी. प्रत्येक पिवळं पडलेलं फळ माशीचं नसतं. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढेपर्यंत मिटतं. तेवढ्या वेळात मधमाशी नर फुलावरून मादी फुलावर गेली नाही तर कोवळं फळ तसंच पिवळं होऊन गळतं. फळ कापून बघा. आत अळी नाही, डिंक नाही, तर माशीला दोष देऊ नका. आदल्या दिवशी सकाळी कोणी फवारलं होतं का ते आठवा. मधमाश्या मेल्या की असं होतं. आणि मग आपण म्हणतो, “रोग आला, औषध मारा.”

तांबड्या भुंगेऱ्याची गोष्ट वेगळी. हा चकचकीत नारिंगी-तांबडा किडा, अर्धा बोट लांबसुद्धा नाही. बी उगवून पहिली दोन पानं आली की याची चंगळ. त्या दिवसांत चार-पाच भुंगेरे एक रोप संपवतात. वेल मोठा झाला की त्यानं पानाला भोकं पाडली तरी वेल तरतो. म्हणून राखण हवी ती पहिल्या पंधरा-वीस दिवसांत. त्याची पिल्लं जमिनीत मुळं कुरतडतात, मातीला टेकलेल्या फळालाही भोक पाडतात. कोहळ्याखाली पेंढा किंवा विटेचा तुकडा ठेवायची आपल्याकडची पद्धत उगाच नाही.

भुंगेरा सकाळी दव असताना सुस्त असतो. तेव्हा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचा. ऊन चढलं की हात लावायच्या आत उडतो. राखही सकाळीच, दव असताना, म्हणजे ती पानाला धरते. चाळलेली, गार झालेली लाकडाची राख हलक्या हातानं. राखेनं पान माखलं की भुंगेऱ्याला ते खाणं जड जातं. पाऊस आला की राख धुऊन जाते, पुन्हा टाकावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, मी गोड करून सांगत नाही. पण घरच्या सहा-आठ वेलांना ते जमतं. एकराच्या शेतात नाही जमत, आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला, असं मला वाटतं. शेताचा उपाय आपण घराच्या वेलाला लावला.

ठिपक्यांच्या किड्याबद्दल दोन शब्द. दोन सारखे दिसणारे असतात. एक गोल, गुळगुळीत, चकाकणारा ढालकिडा. तो मावा खातो, त्याला मारू नका. दुसरा जरा मळकट, अंगावर बारीक लव, ठिपके पुष्कळ, आणि तो पानाचा हिरवा भाग खरवडून नुसती जाळी ठेवतो. तो वेचा. पान पाहिलं की कळतं कोण कोणता.

वेलाला काय झालंय ते पाहायचं आणि मगच हात चालवायचा, ही रीत फार जुनी आहे. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिरानं ‘बृहत्संहिता’ लिहिली. त्यात झाडांच्या आजारांवर एक प्रकरण आहे. तो सांगतो, आधी शस्त्रानं बिघडलेला भाग काढून टाका. मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप लावा. तूप आपल्याला परवडायचं नाही, झाडाला तर मुळीच नाही! पण क्रम बघा. आधी सडका भाग काढणं, नंतर लेप.

मग हा क्रम उलटा कधी झाला? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९३९ साली स्वित्झर्लंडच्या पॉल म्यूलर यांना डीडीटी कीटकांना मारतं हे सापडलं. सैन्यात उवा, डास मारायला ते वापरलं गेलं, लाखोंचे जीव वाचले, आणि १९४८ साली म्यूलरना नोबेल मिळालं. तेव्हा ते खरोखर औषधासारखंच वाटलं असणार, लोकांना मी दोष देत नाही. १९५० नंतर आपल्याकडेही डीडीटी आणि बीएचसी तयार होऊ लागलं. बीएचसीची पांढरी पावडर पुढे खेड्यापाड्यांत पोहोचली. आपल्या सासवांना विचारा, ‘पावडर’ म्हटलं की कोणती ते त्या सांगतील. फडक्यात बांधून वेलावर झटकायची, तशीच, उघड्या हातानं. राखेची जागा तिनं घेतली. रंग जवळपास तोच, झटकायची पद्धत तीच, म्हणून कोणाला काही वेगळं वाटलं नाही. पण राख धुऊन गेली की संपली. ही मातीत राहायची, दुधात उतरायची, अंगात साठायची. शेतीतला डीडीटी १९८९ मध्ये बंद झाला, बीएचसी १९९७ मध्ये. मधली चाळीस वर्षं ती पावडर आपल्या भाजीवर होती.

धोक्याची घंटा त्याआधीच वाजली होती. १९५८ साली केरळात गव्हाच्या पिठानं शंभराच्या वर माणसं मेली. पिठाची पोती आणि पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक एकाच जहाजातून आलं होतं, ते पिठात मुरलं. त्यानंतर चौकशी झाली आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. बाटलीवर जो रंगीत त्रिकोण असतो, तो या कायद्याच्या नियमांतूनच आला. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाचता येवो न येवो, रंग तर दिसतो. तो आधी बघा.

भोपाळ तर सगळ्यांना माहीत आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. हजारो माणसं गेली. पण युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात काय बनत होतं, हे मी बैठकीत विचारते तेव्हा क्वचितच कोणाला सांगता येतं. तिथं सेविन बनत होतं, म्हणजे कार्बारिल. आणि कार्बारिल कशावर मारा म्हणून सांगत? इतर पिकांबरोबर भोपळ्या-काकडीच्या तांबड्या भुंगेऱ्यावर. पुढेही कित्येक वर्षं ते शिफारशीत होतं. २०१८ साली सरकारनं देशात त्याच्यावर बंदी घातली. जो किडा दवात हातानं वेचता येतो, त्याच्यासाठीही ते विष विकलं जात होतं.

आता आपल्या जवळचं. आपला बुलडाणा जिल्हा कपाशीचा. खामगावची कापूसबाजारपेठ इंग्रजांच्या काळापासून नावाजलेली, १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वे आली तीही कापसासाठी. कपाशीवर बोंडअळी आली, तसे पंप आले, बाटल्या आल्या, आणि घराच्या कोपऱ्यात कपाशीचं ‘औषध’ कायमचं राहायला आलं. पंपात थोडं उरतं. ते फेकायचं कुठं? परत येताना दारातल्या दोडक्यावर. “उरलं होतं, तेच मारलं,” हे वाक्य मी इतक्या गावांत ऐकलंय की आता त्याची मोजदाद ठेवत नाही. कपाशी आपण खात नाही. दोडकं तिसऱ्या दिवशी तोडून लेकरांच्या डब्यात जातं. मोनोक्रोटोफॉससारखं कीटकनाशक भाजीपाल्यावर मारायला सरकारचीच मनाई आहे, पण वेलाला ते कोण सांगणार?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते विसरू नका. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, दमट हवा, दोन-तीन कीटकनाशकं एकत्र कालवून फवारणी, तोंडाला साधं फडकं. वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. बातम्यांत फवारणारे पुरुष दिसले. पण पंपाला पाणी कोण आणून देतं, कालवताना जवळ कोण उभं असतं, ते भिजलेले कपडे कोण धुतं? आपणच. माझ्या गटांतल्या बायांना मी एवढं तरी सांगतेच की फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यांत मिसळू नका, वेगळे धुवा, हात साबणानं धुतल्याशिवाय पीठ मळू नका. आणि रिकाम्या बाटलीत तेल-रॉकेल भरू नका. डोकं दुखणं, मळमळ, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडाला फेस, असं काही दिसलं तर बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा, म्हणजे डॉक्टरला काय दिलं पाहिजे ते कळतं.

मग आपल्याकडे दुसरं काय आहे? कडुलिंब आहे. १९६२ साली दिल्लीकडे टोळधाड आली होती. पुसाच्या त्याच संस्थेतले डॉ. प्रधान आणि त्यांचे सहकारी यांनी निंबोळीच्या गराचं पाणी पिकावर फवारलं. टोळ आले, पण फवारलेलं पीक त्यांनी खाल्लं नाही. कणगीत कडुलिंबाचा पाला घालणाऱ्या बाईला यात नवल काही नाही. पण शास्त्राच्या कागदावर ते आलं, हे मोठं.

कागदाचं मोल पुढे कळलं. १९९४ साली युरोपात अमेरिकेचा कृषी विभाग आणि ग्रेस नावाची कंपनी यांना कडुलिंबाच्या तेलानं बुरशी मारायच्या पद्धतीवर पेटंट मिळालं. म्हणजे ही पद्धत त्यांची! आपल्याकडून वंदना शिवा आणि इतर लढले. २००० साली पेटंट रद्द झालं आणि २००५ मध्ये कंपनीचं अपीलही फेटाळलं गेलं. तिथं “आमच्या आज्या हेच करायच्या” एवढं म्हणून भागलं नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतांवर १९८५-८६ मध्ये केलेल्या प्रयोगांची साक्ष कामी आली. तारीख होती, जागा होती, म्हणून. मघाशी मी म्हटलं ना, आपल्या पणज्यांचं पाहणं कागदावर आलं नाही, ते याच्यासाठी. आपल्या गटाकडे वही असतेच. बचतीची, कर्जाची, हजेरीची. तिच्या मागच्या पानांवर वेलाची नोंद सुरू करा. बी कधी लावलं, पहिला भुंगेरा कधी दिसला, कोणत्या आठवड्यात फळं जास्त सडली, राखेनं काय झालं. दोन पावसाळे लिहिलंत तर तुमच्या गावात माशी कोणत्या नक्षत्रात वाढते ते तुम्हीच सांगाल.

निंबोळी अर्काचं प्रमाण लिहून घ्या. दहा लिटरच्या पंपाला अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भुकटी. ती लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी कालवून दुहेरी फडक्यातून गाळायची, संध्याकाळी थोडं साबणाचं पाणी घालून दहा लिटर करायची आणि पानांच्या खालच्या बाजूलाही बसेल अशी फवारायची. संध्याकाळीच, म्हणजे मधमाशी घरी गेलेली असते. अर्क ताजाच वापरायचा. आणि पंप वेगळा ठेवायचा. कपाशीचा पंप कितीही विसळला तरी वेलासाठी नको. गटानं मिळून एक लहान हातपंप घेतला तर सगळ्यांचं भागतं. अर्कानं भुंगेरे आणि मावा कमी होतात. फळाच्या आतली अळी त्यानं मरत नाही, हेही स्पष्ट सांगते. तिच्यासाठी सडकी फळं उचलणं, सापळा, आणि कोवळं फळ धरल्यावर त्याला कागदाची पिशवी नाहीतर जुन्या सुती कपड्याची खोळ बांधणं.

सापळ्याबद्दल एक गोष्ट. जपानच्या दक्षिणेला ओकिनावा बेटं आहेत. तिथले लोक कारलं फार आवडीनं खातात. आपली ही माशी १९१९ साली तिकडच्या बेटांवर दिसली आणि पुढे सगळीकडे पसरली. इतकी की तिथली कारली जपानच्या मुख्य बेटांवर पाठवायलाच बंदी होती. १९७२ नंतर त्यांनी मोहीम काढली. कारखान्यात माश्या वाढवायच्या, किरणांनी त्यांना वांझ करायचं आणि बाहेर सोडायच्या. रानातल्या मादीची गाठ वांझ नराशी पडली की अंडी फुकट. पाच हजार कोटींहून अधिक माश्या त्यांनी सोडल्या. १९७८ मध्ये एक बेट मोकळं झालं, १९९३ मध्ये सगळी. आपल्याला ते जमणारं नाही, तो सरकारी खजिन्याचा खेळ आहे. पण त्यांनी एकच शेत धरलं नाही, अख्खं बेट धरलं. माशी कुंपण मानत नाही. तुमच्या एकटीच्या अंगणात सापळा टांगला आणि शेजारच्या उकिरड्यावर सडकी दोडकी पडली असली तर काय उपयोग? सापळ्यात फक्त नर सापडतात, हेही ध्यानात ठेवा. माद्या बाहेरच असतात. म्हणून गटातल्या दहा घरांनी एकाच आठवड्यात सापळे लावायचे आणि एकाच दिवसापासून फळं उचलायला लागायचं. सापळ्यातला वास दीड-दोन महिन्यांत उतरतो, तो बदलावा लागतो. जळगाव जामोद आणि बुलडाणा इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथं सापळा कसा टांगायचा ते दाखवतात.

बी लावायची आपली वेळही हिशेबात धरा. आखाजीला आळी करून बी टोचणाऱ्या घरात दोडकी लवकर धरतात. मृगात लावणाऱ्यांच्या वेलाला भाद्रपदात बहर, आणि नेमकी तेव्हाच दमट हवेत माशी जोरात. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांना घरचं दोडकं हवं असेल तर त्याच्या महिनाभर आधीपासून राखण सुरू करावी लागते.

जाता जाता, मागच्या भागानंतर आलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं. एका ताईंनी विचारलंय, अळी लागलेलं गिलकं तेवढा भाग कापून खाल्लं तर चालतं का? फवारलेलं नसेल आणि बाकीचा गर पांढरा, घट्ट, वास न येणारा असेल तर चालतं. सडण लागली असेल तर नाही. दुसरा प्रश्न, असली फळं शेळीला घालावी का? फवारलेली नसतील आणि शेळी समोर उभी राहून लगेच खात असेल तर घाला. गोठ्यात टाकून निघून जाऊ नका. शेळी हुंगून सोडते, आणि अळी उडी मारून मातीत जाते.